'मी कॉलेजला येतो': बेळगावातल्या एका मुलीचं प्रकरण

जून 2024. प्रवेशाचे दिवस, ग्रंथालयासमोर शेवटच्या वर्षाच्या मुलांची 'नो ड्यूज'ची रांग, आणि त्या रांगेत मुलीचा हात धरून उभी असलेली एक बाई. पाळी आली तशी तिनं माझ्या टेबलावर कॅरीबॅग ठेवली. आत एक पिवळं कार्ड, एक गुणपत्रिका, आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो.

"ऑफिसातनं तुमच्याकडं धाडलं, मॅडम. हिला कॉलेजात बसवून घ्या म्हणून आलो होतो."

मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या पाठीमागच्या कपाटावरची लेबलं बघत होती. मी विचारलं, "काय गे, यायचं कॉलेजला?"

"येतो की."

जे कुठल्याच रजिस्टरात बसत नाही ते ग्रंथालयात पाठवायचं, ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. तुटकी ट्रॉफी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, कुठंच काम न उरलेला शिपाई. त्याच रीतीनं ही मुलगी माझ्याकडं आली. पुढचं वर्षभर मी तिला जवळून पाहिलं, आणि मे 2025 मध्ये निवृत्त झाल्यावरही जाणं-येणं राहिलं. तिचं, गावाचं आणि कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. घरात ती सगळ्यांत लहान म्हणून 'धाकटी', इथंही धाकटीच. हे लिहू का, असं तिलाच विचारलं होतं. "फोटो नको," एवढी एकच अट तिनं घातली.

'येतो' आणि पन्नास टक्के

गाव बेळगावच्या दक्षिणेला, बासमतीच्या शिवारात. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर, आई गावच्या सरकारी मराठी शाळेत बिसीऊट, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण, शिजवायला. थोरला मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला. धाकटीचा जन्म 2003 चा. चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर.

2012 मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, आईवडिलांनी तिची पहिली तपासणी करून घेतली. तपासणारी व्यक्ती या भागातली नव्हती. तो अहवाल आईनं अजून जपून ठेवला आहे आणि मी तो वाचला आहे. भाषेच्या रकान्यात एक वाक्य आहे: स्वतःबद्दल बोलताना स्त्रीलिंगी-पुल्लिंगी रूपांत गोंधळ. आता बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात बायका 'मी येतो, जातो, जेवलो' असंच बोलतात. कॉलेजात मी प्रमाण मराठी बोलत असे, पण घरात पाय टाकला की माझंही 'आलो' सुरू व्हायचं. त्या अहवालाच्या हिशेबानं आमची अख्खी गल्ली तपासणीला न्यावी लागेल.

म्हणून निदानच खोटं होतं असं मात्र नाही. धाकटीला शंभराच्या पुढचा हिशेब जमत नाही, दोनशेच्या नोटेतून किती परत यायचे ते सांगता येत नाही, दोन सूचना एकदम दिल्या तर पहिली विसरते. बौद्धिक अपंगत्व आहे, सौम्य आहे. पण तिच्याविषयीच्या कागदात तिची बोलीच दोष म्हणून नोंदली गेली, आणि तो कागद पुढं शाळेत, दवाखान्यात सगळीकडं तिच्या आधी पोचत राहिला.

2019 मध्ये पिवळं कार्ड आलं, म्हणजे यूडीआयडी, अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरं, चाळीसच्या पुढं पिवळं, ऐंशी आणि त्यापुढं निळं. तेव्हाच्या, 2018 च्या नियमांनुसार बौद्धिक अपंगत्वाची टक्केवारी सामाजिक परिपक्वतेच्या मापनावरून काढत. वाइनलँडचं हे माप मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवलं. 89 प्रश्न, आणि उत्तरं बहुतेक आईकडून घ्यायची. स्वतः कपडे घालते का, एकटी दुकानात जाते का, पैसे सांभाळते का. गुणांक 55 ते 69 आला तर सौम्य, म्हणजे पन्नास टक्के. 36 ते 54 आला तर मध्यम, म्हणजे पंच्याहत्तर. आईला शेजारणीनं आधीच पढवलं होतं: सगळ्याला 'येत न्हाई' म्हण, जास्त टक्के मिळतील, पेन्शन वाढेल. आई खरं तेच बोलली. पन्नास टक्के मिळाले. त्या खरेपणामुळं दरमहा किती रुपये गेले याची आठवण शेजारीण अजून काढते.

तीन भाषा, तीन लिप्या

महाराष्ट्रातलं मूलही तीन भाषा शिकतं, पण त्यातल्या मराठी आणि हिंदी एकाच लिपीत असतात. आमच्याकडच्या मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी शिकावी लागते, म्हणजे तीन भाषांना तीन लिप्या. शाबूत डोक्याची पोरंही यात अडखळतात. सीमाप्रश्नावर आपण सत्तर वर्षं बोलतोय, त्यात हा मुद्दा मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. धाकटीला कन्नड ऐकून समजतं. बाजारात ती कन्नड बोलणाऱ्या भाजीवालीशी झकास भांडते. वाचता येत नाही. बसच्या पाटीवरचा 'बे' ती चित्र ओळखावं तसा ओळखते.

मार्च 2019 मध्ये एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, ती कन्नड, गणित आणि विज्ञान या तिन्हींत गेली. जूनच्या पुरवणी परीक्षेतही तेच. बोर्डाच्या सवलती असतात, पण त्यांचे कागद शाळेनं वेळेत पाठवावे लागतात. ते गेले नव्हते. 2021 मध्ये कोविडमुळं कर्नाटकानं बहुपर्यायी प्रश्नांची दोन दिवसांची परीक्षा घेतली आणि राज्यातली जवळजवळ सगळी मुलं पास झाली. शेजारणीचा मुलगा त्यात सुटला. धाकटीचा फॉर्म त्या वर्षी भरलाच नव्हता. घरात कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते ग्रामपंचायतीच्या व्हीआरडब्ल्यू ताईंना. कर्नाटकात पंचायत पातळीवर हे पुनर्वसन कार्यकर्ते असतात, बहुतेक स्वतः अपंग, तुटपुंज्या मानधनावर काम करणारे. या ताई कुबडी घेऊन घरोघर फिरतात. त्यांनी आईला मुक्त विद्यालयाचं, एनआयओएसचं, सांगितलं. दहावीला पाच विषय, त्यांत एक भाषा असली की पुरे. गणित-विज्ञान घेतलंच पाहिजे असं नाही. माध्यम मराठी मिळतं. एकेक विषय सोडवत जायचा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि पासाला 33 गुण. धाकटीनं मराठी, गृहविज्ञान, चित्रकला असे विषय घेतले आणि 2022 च्या ऑक्टोबरपासून 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तीन बैठकांत पाचही काढले. सर्वांत जास्त गुण गृहविज्ञानात. कॅरीबॅगेतली गुणपत्रिका तीच.

त्यानंतर एका पीयू कॉलेजात अकरावीला नेलं. तिथं कुणी नाही म्हटलं नाही. "इंग्रजी कसं झेपणार हिला? पुढच्या वर्षी बघू," असं म्हटलं. असं म्हणणाऱ्याला नकार लिहून द्यावा लागत नाही. मग गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आई थेट पदवी कॉलेजात आली. तिच्या लेखी अकरावी काय आणि बी.ए. काय, कॉलेज ते कॉलेज.

पाच टक्के कुणाचे

आमच्या ऑफिसातल्या कारकुनाला कायदा पाठ होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच टक्के जागा चाळीस टक्के आणि त्यावर अपंगत्व असलेल्यांसाठी ठेवायच्या, वयात पाच वर्षांची सूट द्यायची. आधीच्या 1995 च्या कायद्यात हेच प्रमाण तीन टक्के होतं. "जागा हाय की मॅडम," तो म्हणाला. "पण बारावी कुठाय?"

बरोबर होतं त्याचं. जागा राखीव असते, पात्रता नसते. दुसरी गोष्ट त्यानं न विचारता सांगितली. इतक्या वर्षांत त्या पाच टक्क्यांत त्यानं अस्थिव्यंग मुलं घेतली, दृष्टिहीन घेतली, एक कर्णबधिर मुलगी घेतली. बौद्धिक अपंगत्वाचा अर्ज त्याच्या टेबलावर कधी आलाच नव्हता. 2011 च्या जनगणनेत देशात अशा सुमारे 15 लाख लोकांची नोंद झाली होती. ती नोंद आणि कारकुनाचं टेबल यांच्यामध्ये दहावी आहे, बारावी आहे, 'पुढच्या वर्षी बघू' आहे.

याच कायद्याच्या कलम 34 मध्ये सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे. शिक्षणाच्या पाच टक्क्यांत तशी फोड नाही. ज्यांना नोकरीत वेगळा वाटा हवा हे मान्य केलं, त्यांना त्या नोकरीआधीच्या वर्गात मात्र सगळ्यांबरोबर एकाच रांगेत उभं केलं. मला हे उलटं वाटतं.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवला गेला. तिथल्या 2008 च्या उच्च शिक्षण कायद्यानं बौद्धिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजांत खास कार्यक्रम मान्य केले. त्यात यायला नेहमीचा शालान्त दाखला लागत नाही, सरकारी आर्थिक मदत मिळते, आणि निम्मा वेळ तरी बाकीच्या विद्यार्थ्यांबरोबर घालवायचा अशी अट आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानं तर 1987 मध्येच अशा मुलांना वर्गात बसवायला सुरुवात केली. तिथं कुणी बी.ए. होत नाही, पण विद्यार्थी असतो, नाव असतं, ओळखपत्र असतं. मी हे प्रिन्सिपॉलना सांगितलं तेव्हा ते हसले. "मॅडम, तिकडं कायदा आहे. इकडं ऑडिट आहे."

मग जरा थांबून म्हणाले, "बसू दे तिला. मराठीच्या तासाला बसू दे, तुमच्याकडं बसू दे. कागदावर काही नको."

त्या क्षणी मला ते उदार वाटलं. फी नाही, अर्ज नाही, कटकट नाही. त्यात काय अडचण आहे ते कळायला डिसेंबर उजाडला.

वर्ष

घरातून पहिला विरोध वडिलांचा. "पोरीला कशाला फिरवालै? काय शिकून कलेक्टर होणार हाय?" त्यांची खरी भीती वेगळी होती आणि ती त्यांनी बायकोला सांगितली, मला नाही: गर्दीची बस. आई पहिले पंधरा दिवस बरोबर आली. सोळाव्या दिवशी पाठीमागच्या सीटवर बसली, दूर. विसाव्या दिवशी आलीच नाही.

बसचा खर्च नव्हता. 11 जून 2023 पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून फुकट जाता येतं. आधार दाखवायचं, कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. अपंगांचा पास वेगळा, त्यासाठी सेवा सिंधूवर अर्ज, फोटो, फेऱ्या. आईनं तो काढलाच नाही. धाकटी आपलं झिरो तिकीट रोज जपून आणायची आणि एका दोनशे पानी वहीत चिकटवायची. मशीनचा कागद तो, महिना-दोन महिन्यांत अक्षरं उडतात. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती प्रत्येक तिकिटाशेजारी पेनानं तारीख लिहू लागली. मी तिला हे सांगितलं नव्हतं.

सकाळी एक तास बी.ए. पहिल्या वर्षाच्या मराठीच्या वर्गात, मग दोनपर्यंत ग्रंथालयात, असं तिचं वेळापत्रक ठरलं. वर्गातली पोरं अठराची, ही एकविसाची. पहिल्याच आठवड्यात ती 'अक्का' झाली. सगळंच गोड नव्हतं. एक-दोन मुलं तिला झेरॉक्स आणायला पिटाळायची. एकानं पन्नास रुपये उसने घेतले आणि द्यायचं नाव काढेना. ते वर्गातल्या मुलींनीच वसूल केले, शिक्षकांपर्यंत यायच्या आत. मराठीच्या प्राध्यापकांनी तिला निबंध लिहायला लावलं नाही. कविता शिकवून झाली की तोंडी पाच प्रश्न विचारायचे. तिला तीन यायचे, कधी चार. गुण चिठ्ठीवर लिहून देत, कारण लिहायला रजिस्टर नव्हतं. त्या चिठ्ठ्याही त्याच वहीत.

पण ती रमली ग्रंथालयात. परत आलेली पुस्तकं कपाटात लावणं हे आमच्याकडचं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत चुकणारं काम. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य 891.46 वर, त्यातली कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463. हिंदी कविता 891.431. कन्नड पार पलीकडं, 894.814 वर. आता 891.431 आधी येतं की 891.46? बी.ए.ची हुशार पोरं दरवर्षी चुकतात. 431 म्हणजे चारशे एकतीस, 46 म्हणजे शेहेचाळीस, मग शेहेचाळीस आधी. टिंबानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे असतात हे दहा वेळा सांगूनही हात जुन्या वळणानंच जातो.

धाकटीला चारशे एकतीस हा आकडाच धड ठाऊक नव्हता. म्हणून तो मोठा वाटण्याचा प्रश्नच नव्हता. मी पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून दिलं, एका वेळी एकच अंक दिसेल एवढं. दोन पुस्तकं शेजारी धरायची, भोक सरकवत न्यायचं, जिथं अंक वेगळे होतील तिथं थांबायचं. लहान अंकाचं पुस्तक डावीकडं. ती पुटपुटायची, "आठ-आठ. नऊ-नऊ. एक-एक. टिंब. चार-चार. तीन-सहा. हे आधी." सुरुवातीला एका पुस्तकाला दीड मिनिट लागायचं. दिवाळीपर्यंत पुठ्ठा सुटला, बोट पुरेसं झालं. दिवाळीनंतर बोटही नाही, नुसते ओठ हलायचे. शिपाई तासाला ऐंशी पुस्तकं लावायचा आणि दहा-बारा चुकवायचा. ही पंचवीस-तीस लावायची, आणि मी सुरुवातीला रोज तपासत असे ते नंतर सोडून दिलं.

मी इथं जरा जास्त रेंगाळले, पण सगळं प्रकरण माझ्या मते या पुठ्ठ्याच्या तुकड्यात आहे. तिला काय येत नाही याचे अहवाल तीन होते, एकेक चांगला चार पानी. एखादं काम तिच्या हाताला बसेल असं कापून द्यायला कितीसा वेळ लागतो, ते त्यात कुठंही नव्हतं.

समितीचा दिवस

डिसेंबरमध्ये विद्यापीठाची समिती कॉलेजच्या तपासणीला यायची होती. दरवर्षी येते, आम्ही तिला एलआयसी म्हणतो, विम्याशी संबंध नाही. आदल्या शनिवारी प्रिन्सिपॉलनी बोलावून सांगितलं, "ती मुलगी सोमवारी नको. पटावर नाही, विचारलं तर काय सांगू?" मी मान डोलावली. घरी आईला फोन केला, सोमवारी धाडू नका म्हणून. आई बरं म्हणाली.

सोमवारी सकाळी आई भाताच्या मळणीला लवकर गेली. धाकटी उठली, सोमवार म्हणजे कॉलेज, बसमध्ये बसली. गेटवर वॉचमनला सूचना होती: ओळखपत्राशिवाय आत सोडायचं नाही. तिच्याकडं ओळखपत्र नव्हतंच. रोज तो तिला हात करायचा, त्या दिवशी हात आडवा धरला. ती भांडली नाही, रडली नाही. परत जायचं म्हणजे दोन-दहाची बस हे तिला ठाऊक होतं. मधल्या वेळी दुसरीही बस असते हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती. मी एक वाजता समितीसाठी डबे सांगायला बाहेर पडले तेव्हा ती समोरच्या चहाच्या टपरीजवळ दगडावर बसलेली. सकाळी दहापासून. वही मांडीवर.

"बाई, आज कॉलेज बंद हाय?"

आतून माईकचा आवाज येत होता.

चूक कुणाची, यावर नंतर बरंच बोलणं झालं. प्रिन्सिपॉलची म्हणाल तर ते नियमानं वागले. वॉचमननं तर दिलेलं कामच केलं. आईला विसर पडणं साहजिक. माझी चूक मात्र मला स्पष्ट दिसते. सोमवारी येऊ नको हे मी सगळ्यांना सांगितलं आणि तिला सांगितलं नाही. ती शनिवारी दोन वाजेपर्यंत माझ्यासमोर पुस्तकं लावत होती. चार फुटांवर होती. मी फोन मात्र आईला केला. एकवीस वर्षांची मुलगी, एकटीनं बसनं येणारी, आणि निरोप द्यायचा झाला की आपण तिच्या डोक्यावरून पलीकडं बघतो.

रजिस्टर

त्या संध्याकाळी मी ठरवलं की हे 'कागदावर नको' चालणार नाही. पण कुठल्या कागदावर? पदवीला बारावी हवी. विद्यापीठाच्या कुठल्याही कोर्सला पात्रतेची अट. 2021 मध्ये कर्नाटकानं चार वर्षांची पदवी आणली तेव्हा एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय होती. तीही रचना 2024-25 पासून मागे घेतली गेली, आणि तिलाही बारावी लागायचीच.

वाट सापडली ती कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत. कॉलेजं स्वतःच्या पातळीवर छोटे ॲड-ऑन कोर्स चालवतात, किमान तीस तासांचे. मूल्यांकनात त्यांचे गुण मिळतात, म्हणून सगळ्यांनाच ते हवे असतात. अभ्यासक्रम कॉलेज ठरवतं, प्रवेशाच्या अटी कॉलेज ठरवतं, सर्टिफिकेटवर सही प्रिन्सिपॉलची. विद्यापीठाच्या पात्रतेचा त्यात संबंध येत नाही. मी 'ग्रंथालय मदतनीस' असा तीस तासांचा कोर्स लिहून काढला आणि पात्रतेच्या जागी 'मराठी लिहिता-वाचता येणे' एवढंच टाकलं. प्रिन्सिपॉलनी तो कागद दोनदा वाचला. समितीच्या भीतीनं त्यांनी तिला गेटबाहेर ठेवलं होतं, आणि त्याच समितीला दाखवायला त्यांना एक कोर्स कमी पडत होता. सही केली.

जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या त्या तुकडीत बी.ए.-बी.कॉम.ची अकरा मुलं आणि धाकटी. रजिस्टरात बारावं नाव तिचं. मुलं म्हणाली, अक्का बारावी झाली. शंभर रुपये फी भरून पावती घेतली, कारण पावतीवर नाव येतं. कॉलेजचं ओळखपत्र मिळालं. त्यावर 'ॲड-ऑन' असं बारीक अक्षरात आहे आणि ते वॉचमन वाचत बसत नाही.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा होती. पुस्तकाला शिक्के, पाठीवर लेबल, आणि वीस पुस्तकं जागेवर लावणं. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे ग्रंथपाल. धाकटीनं सतरा लावली, तीन टेबलावरच ठेवली. परीक्षकांनी तीन गुण कापले. मी तिला विचारलं, ही का ठेवली? तिन्हींची लेबलं फाटलेली होती. "नंबर न्हाई तर मी कुठं लावू?" म्हणाली. बाकीच्या अकरांनी ती तिन्ही पुस्तकं अंदाजानं कुठंतरी खोचून टाकली होती. मी परीक्षकांशी वाद घातला. गुण काही वाढले नाहीत.

आता

वडिलांचा विरोध मावळला असं म्हणवत नाही, पण सर्टिफिकेट त्यांनी लॅमिनेट करून आणलं. त्या घरातली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. थोरल्याचं इंजिनिअरिंग महाराष्ट्रात झालं. तिथल्या प्रवेशात सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे, टाइप-ई. दहावी-बारावी इथं झालेली चालते. एकाच चुलीवर वाढलेली दोन भावंडं. सीमाभागानं एकाला जास्तीचा दरवाजा दिला, आणि दुसरीला जास्तीची लिपी. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागासाठी ज्या सोयी केल्या त्यांत धाकटीसारख्यांचा विचार कुणी केलेला मला दिसला नाही, आणि कर्नाटकच्या फॉर्मवर ती 'विकलचेतन' आहे. शब्द संस्कृत असल्यानं तो आम्हाला नको तितका नीट कळतो.

2025 च्या जुलैत तिनं एनआयओएसच्या बारावीचा अर्ज भरला. मला स्वतःला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही. बारावी होईल, कदाचित चार वर्षांत होईल. मग कलम 32 ची जागा मागता येईल, वयाची सूटही आहे. पण बी.ए.ची तीन तासांची लेखी परीक्षा तिच्यासाठी कुणी बदलणार आहे का? 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणं तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायची. लेखनिक मिळू शकायचा, पण तो आपोआप नाही. दृष्टिहीन, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना तो मागितला की मिळायचा, बाकीच्यांना सिव्हिल सर्जन किंवा तशा अधिकाऱ्याचं पत्र लागायचं. आणि तिची अडचण हातात नाहीच. लेखनिक तिचे शब्द लिहील, चार पानी उत्तराची मांडणी कुठून आणेल? मला वाटतं तिनं आणखी दोन-तीन ॲड-ऑन करावेत, कुठंतरी वाचनालयात अर्धवेळ काम धरावं. आईला बारावीच हवी आहे. धाकटीला विचारलं तर ती म्हणते, "दोन्ही करतो."

अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वाचा दाखला काढा, असं त्यांना दोघांनी सांगितलं होतं. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून तो मिळतो, बँकेत सोपं जातं. घरच्यांनी अजून काढलेला नाही, आणि मी त्यांना घाई करू नका म्हणून सांगितलंय. बारावीच्या अर्जावर सही तिनं स्वतः केली, देवनागरीत, आडनावासकट, पाच मिनिटं लावून. रांगेतला माणूस चुळबुळत होता. तो थांबला.

माझ्या जागी आता धारवाडच्या एक बाई आल्यात. त्यांना मराठी बेताचं येतं, धाकटीला कन्नड ऐकून समजतं. दोघींचं बरं चाललंय. परवा त्यांचा फोन आला: पुढच्या महिन्यात समिती येतेय, गेल्या वर्षी काय झालं होतं म्हणे? मी त्यांना सगळं सांगितलं. मग धाकटीच्या नंबरवर फोन लावला, आईच्या नाही. समिती म्हणजे काय ते समजावलं, त्या दिवशी गर्दी असेल म्हटलं, ओळखपत्र गळ्यात घाल म्हटलं. नव्या तुकडीच्या रजिस्टरात नाव चढलंय का तेही विचारलं.

"चढलंय. सातवं."

"मग त्या दिवशी काय करणार?"

"येतो की, बाई. ह्या डावाला नाव हाय न्हवं."

फोन ठेवला आणि प्रिन्सिपॉलना लावला. ते मीटिंगमध्ये होते.